चारचौघांत भगिनी

बापू, काल तुझ्या ऑफिसातली माणसं घरी येऊन गेली. तुझ्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढणार आहेत. चहा पिता पिता त्यातला एकजण म्हणाला, "आक्का, सगळ्यांचं लिहून आलंय, तुमचंच तेवढं राहिलंय." घ्या! इथंसुद्धा माझा नंबर शेवटचाच. तुझ्या ड्रायव्हरनं लिहून दिलंय, शिपायानं दिलंय, ज्या ज्या तालुक्यात तू तहसीलदार होतास तिथल्या लोकांनी पानंच्या पानं भरून दिलीत, आणि तुझी सख्खी थोरली बहीण आपली सगळ्यांच्या मागं उभी.

त्यांनी मला दोनचार वाचूनही दाखवली. जो तो एकच लिहितोय, साहेब आमच्या घरच्यासारखे होते. माझ्या तोंडावर आलं होतं, घरच्यासारखे म्हणजे कसे रं बाबांनो? त्याच्या खऱ्या घरच्यांना एकदा विचारा की! पण तुझं तेरावं परवाच झालंय, आत्ताच कुठं भांडण काढायचं म्हणून गप बसले.

पण लिहिणार खरं तेच. तू गेलास त्याचं दुःख आहेच, ते माझ्या उशीला माहीत आहे. त्याच्या जोडीला मला हेवा वाटतोय, बापू. लय हेवा वाटतोय. तुझ्या अंगणात छाती बडवून रडणाऱ्या त्या परक्या माणसांचा. त्यांना तू जेवढा मिळालास तेवढा मला मिळाला नाहीस. आणि का, तर मी तुझी होते म्हणून!

तसं मला लहानपणीच कळायला पाहिजे होतं. आपलं साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं गाव, उन्हाळ्यात टँकर आला तरच पाणी. टँकरवर आपला एक लांबचा मामा ड्रायव्हर होता. मला बघितलं की हाक मारायचा, "ये गं पोरी, तुजी घागर आदी लाव." मी लावायचे. का नाही लावायची? मामा कुणाचा? एक दिवस तू मेंढरं सोडून तिथं आलास, एवढासा होतास, नाक वाहतंय, आणि माझी रिकामी घागर उचललीस ती रांगेच्या पार शेवटाला नेऊन ठेवलीस. मी तुझ्या थोबाडीत दिली, सगळ्या बायकांसमोर. तू भोकाड पसरलंस, पण घागरीवरचा हात सोडला नाहीस. रडत रडत म्हणालास, "समदी हुबी हायती, आक्का." घरी गेल्यावर आईनं दोघांनाही बदडलं, मला तुझ्यावर हात उचलला म्हणून आणि तुला पाणी उशिरा आणलं म्हणून. भरलेली घागर मात्र त्या दिवशी तूच घरापर्यंत आणलीस. वाटेत चार ठिकाणी टेकवलीस, पण मला हात लावू दिला नाहीस.

मोठा झालास, शिकलास, साहेब झालास. साहेबाला स्वतःचा जिल्हा देत नाहीत, म्हणून तुला साताऱ्याच्या माणसाला सांगली जिल्हा दिला आणि सांगलीतही नेमका आमचाच तालुका. काय नाचले होते मी! कृष्णाकाठच्या आमच्या गावात ही बातमी पोचली आणि मी एका दिवसात आक्काची आक्कासाहेब झाले. कधी ओळख ना पाळख असली माणसं दारात यायला लागली. "सहज आलतो," म्हणायची. सहज येणाऱ्या माणसाच्या हातात पेढ्याचा बॉक्स कशाला असतो ते मला कळत होतं, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. माहेरच्या जोरावर सासरी मान मिळतोय, कुठल्या बाईला नको असतो?

वाळूवाल्याचे पेढे तुला आठवतात का? फळीवरचा बॉक्स बघितलास आणि तुझा चेहराच बदलला. "कुनाचं?" मी नाव सांगितलं. "परत दे." मी म्हटलं, "अरं अर्धं संपलं. तुझ्या दाजींनी खाल्लं." तू दाजींकडं बघितलंस, दाजी भिंतीकडं बघायला लागले. मग तू स्टँडवर जाऊन तेवढाच नवा बॉक्स आणलास आणि दाजींना म्हणालास, हा त्याच्या दारात ठेवून या. दाजी आज्ञेप्रमाणे मोटारसायकलवर गेले, ठेवून आले. आणि दुसऱ्या दिवशी तो वाळूवाला गावभर सांगत सुटला, "तहसीलदार सायबांनी मला पेढं धाडलं!" कपाळाला हात लावून घेतलास तू. मग आपण तिघं असे हसलो, असे हसलो की दाजींना ठसका लागला. पुढच्याच आठवड्यात त्याचा ट्रक धरलास तेव्हा त्याला त्या पेढ्यांचा अर्थ कळला असेल. त्यानंतर माझ्या दारात कुणी सहज आलं नाही. आक्कासाहेबची परत आक्का झाले, पेढे गेले ते गेलेच.

आईच्या वेळचा आपला वाद अर्धाच राहिलाय. आई धापा टाकत होती, दारात सरकारी जीप उभी, आणि तू शेजाऱ्याच्या मुलाला उठवून त्याची व्हॅन काढायला लावलीस. मी त्या दारातच तुझ्या अंगावर गेले होते. "आई सरकारी गाडीत बसली तर सरकार बुडंल व्हय रं?" तू म्हणालास, "आक्का, ती गाडी लोकांची हाय." मी विचारलं, "आन् आई कुनाची?" तू व्हॅनचं दार उघडलंस. व्हॅनमध्ये मागं बसून आईचं डोकं मांडीवर घेतलंस, आणि दवाखान्यातून तिला घरी आणेपर्यंत रजा टाकून तिचे पाय चेपत बसलास. मी बघत होते ते. मला सांगायचं होतं की बापू, तुझ्यासारखा मुलगा नशिबानं मिळतो. पण जीपचा राग डोक्यात होता, म्हणून नाही सांगितलं.

हे सगळं मी पचवलं असतं रे. पण ती वाट नाही पचली.

दाजींच्या चुलतभावानं आमच्या शेताची वाट नांगरून टाकली. ऊस उभा, कारखान्याची तोड आलेली, आणि ट्रॅक्टर आत न्यायला जागा नाही. असल्या अडवलेल्या वाटांच्या तक्रारी तहसीलदार चालवतो हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. मी फोन केला नाही, घरी बोलावलं नाही. म्हटलं, रीतसर अर्ज देऊ, रीतसर जाऊ, म्हणजे साहेबांना बोलायला जागा नको. तारखेला सकाळी इरकल नेसून तुझ्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसले. नाव पुकारलं. आत गेले. तू कागदात मान घालून बसला होतास. वर न बघता सगळ्यांना विचारतोस तसं मलाही विचारलंस, "गाव कुठलं, पावणं?"

मी म्हटलं, "तुजंच!"

सगळं ऑफिस हसलं. तू मान वर केलीस. मला वाटलं, आता उठशील, म्हणशील, अगं आक्का तू, बस, पाणी घे. तू उठलास खरा. पण माझ्याकडं न बघता कारकुनाकडं बघून म्हणालास, "ह्या माझ्या भगिनी आहेत. ह्यांचं प्रकरण माझ्यासमोर चालणार नाही. दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे पाठवण्यासाठी आजच पत्र करा." आणि पुढचं नाव पुकारायला लावलंस.

भगिनी! बापू, आपल्या सात पिढ्यांत कुणी बहिणीला भगिनी म्हटलं नसेल. भगिनी लग्नपत्रिकेत असते, नाहीतर निवडणुकीत माईकवर. मी तुझा शेंबूड पुसलेली आक्का. आयुष्यात एकदाच चारचौघांत तू माझं नातं सांगितलंस, आणि ते मला बाहेर काढायला सांगितलंस.

बाहेर तो कारकून माझ्या मागं आला. भला माणूस. म्हणाला, "आक्का, मनाला लावून घेऊ नका. नियमच हाय. आपल्या माणसाचं काम सायबांना चालवता येत न्हाई. फायदा करून दिला असं हुतं." मी विचारलं, "आन् मी परकी असते तर?" तो बिचारा खरं बोलून गेला, "मग काय, चार दिवसांत सायबच येऊन वाट करून देत हुते." त्या दिवशी मी पायरीवर उभी राहून देवाला म्हटलं, ह्याची बहीण करण्यापेक्षा मला ह्याच्या तालुक्यातली कुणीतरी बाई केलं असतंस तर काय बिघडलं असतं?

आणि तशी एक बाई होतीच. सुमन. ओढ्यापलीकडच्या वाडीची, नवरा फौजेत होता, तो गेल्यापासून एकटीनं शेत करते. तिच्या भावकीनं तिच्या वाटेवर काटे टाकले, तेही त्याच दिवसांत. आमचं प्रकरण शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडं गेलं. तिथं तारीख पडायची, साहेब मीटिंगला असायचे, परत तारीख. तोडवाले थांबून थांबून निघून गेले. मग मी आणि दाजी, आम्हीच ऊस तोडायचो आणि मोळ्या डोक्यावर घेऊन बांधाबांधानं रस्त्यापर्यंत आणायचो. मानेची हाडं वाजायची.

एक दिवस मोळी घेऊन बांधावरून निघाले तर ओढ्यापलीकडं जेसीबीचा आवाज. बघते तर सुमनच्या शेतात मुरूम पडतोय. आणि तिथं तू. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पांढरा शर्ट, चिखलात उभा, हात करून मुरूम कुठं टाकायचा ते दाखवतोयस. मधे फक्त ओढा होता, बापू. मी थांबले. तू माझ्याकडं बघितलंस, डोक्यावर मोळी होती ती बघितलीस, आणि पाठ फिरवलीस. दाजी म्हणाले, त्यानं बगितलं न्हाई गं. मी म्हटलं, बगितलं, म्हणूनच फिरला. त्या दिवशी मोळी रस्त्यावर टाकली आणि तिथंच बसून रडले. माझा भाऊ, आणि वाट त्या बाईला.

तेव्हापासून सुमनचं नाव काढलं तरी माझं टाळकं सणकायचं. बाजारात दिसली की मी गल्ली बदलायचे. तिनं तुला काकवीचा डबा पाठवला होता आणि तू तो आल्या पावली परत धाडलास, हे मला कुणीतरी सांगितलं. काय सांगू, त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी. तिचंही परत गेलं! तेवढंच जिवाला बरं वाटलं.

त्या वर्षी भाऊबीजेला तू आला नाहीस. फोन केलास, "आक्का, तुमचा निकाल लागल्याबिगर तुमच्या घरी जेवनं बरं दिसत न्हाई. तो बी अधिकारी मला वळकतो, त्याला वाटंल मी तुमच्या बाजूचा." मी म्हटलं, "माझ्या बाजूचा न्हाईस, ते दिसलंच की." आणि फोन ठेवला. सांजेला ताट केलं, निरांजन लावलं, अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. पाटावर बसायला भाऊ असून मी चंद्राला ओवाळलं. शेजारची विचारत होती, "आक्का, भाऊ आला न्हाई व्हय?" मी म्हटलं, हापिसात काम हाय.

निकाल लागला यथावकाश. वाट मिळाली, पण लांबून, ओढ्याच्या कडेकडेनं, पावसाळ्यात निम्मी पाण्यात जाणारी. मग तू परत भाऊबीजेला यायला लागलास, एसटीनं, पिशवीत साडी घेऊन. बदली झाली तरी यायचास. आपण मेंढरांचं बोललो, आईचं बोललो, मंगलच्या गुडघ्याचं बोललो. तुझी बायको तेवढ्या दुखऱ्या गुडघ्यानं बाजारात चालत जायची आणि जीप दारात उभी, त्यावरून मी तुला टोमणेही मारले. पण त्या वाटेचं कधी निघालं नाही. निघता निघता राहायचं. गेल्या दिवाळीला तू निघताना चपला घालत म्हणालास, "रिटायर हुतोय आता, आक्का. मग निवांत बसू. लय बोलायचं हाय." मी म्हटलं, "बगू की." एवढंच म्हटलं मी, बगू की. आणि तू रिटायर व्हायच्या आधीच चालता झालास.

तुझ्या सावडायच्या दिवशी सकाळी टेम्पो भरून माणसं आली. कृष्णाकाठची, तुझ्या बदलीच्या तालुक्यांतली, कुठली कुठली. आपल्या गावातली माणसं विचारत होती, एवढे पावणे कुठून आले म्हणून. आणि टेम्पोतून पहिली उतरली ती सुमन. केस पिकलेत आता तिचे. उतरली ती फाटकापासनंच हंबरडा फोडत आली, "भावा रं माज्या! मला कुनाच्या जिवावर टाकून गेलास रं!" मी तिथं बसलेय जिवंत, मंगलच्या शेजारी, सख्खी बहीण, आणि माझ्या भावाला भाऊ म्हणून ही रडतीय! माझे भरून आलेले डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. खरं सांगते, तिचा हात धरून फाटकाबाहेर काढावी असं वाटलं. आणि तिनं टोपली आणली होती, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि झुणका. कडू घास. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा सोयऱ्यांनी, भावकीनं आणायचा असतो तो. ही कोण लागून गेली?

रडारड ओसरल्यावर ती माझ्यापाशी आली. भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला.

"घास घ्या, आक्का."

"ठेव तिकडं."

"तुमी माज्याशी बोलत न्हाई ते ठावं हाय मला. पर आज घ्या."

मग माझा बांध फुटला. म्हटलं, "काय घिऊ गं तुज्या हातचं? तुजी वाट त्यानं चिखलात हुबं राहून केली. मी मोळी घिऊन समोरनं निगाले तर माज्याकडं पाठ केली त्यानं. माज्या भावानं!"

सुमन मटकन खाली बसली. मग म्हणाली, "व्हय, केली की पाठ. मी तितंच हुते, आक्का. सायब गर्रकन फिरलं आन् रुमालानं डोळं पुसाया लागलं. मी म्हटलं, सायब, काय गेलं का डोळ्यात? तर म्हनलं, 'ती मोळीवाली आमची आक्का हाय, बाई. तिची बी वाट अशीच अडलीया. तितं मला हुबं ऱ्हाता येत न्हाई. म्हनून हितं हुबा ऱ्हातोय.' आन् जेसीबीवाल्याला म्हनलं, मुरूम परत एकदा दाबून घे, माज्या आक्काची वाट हाय असं समज."

मग विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का न्हाईस मला?"

"कवा बोलू दिलंसा? मी दिसली की तुमी गल्ली बदलायचा."

घास घेतला मी. तिच्या हातचा. तिची काकवी तू परत धाडलीस, तिची भाकरी तुझ्या दारात आली तेव्हा अडवायला तू नव्हतास. भाकरी गार झाली होती, पण खाल्ली. सुमन माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी मंगलसमोर, सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडत होते. बायकांना वाटलं, भावासाठी रडतीय. भावासाठीच रडत होते, पण त्यात रागही होता, बापू. अजून आहे. उलट वाढलाय. ऑफिसात मी भगिनी, आणि त्या परक्या बाईपाशी, चिखलात, 'आमची आक्का'. वाट तिला दिलीस ती दिलीस, माझ्यासाठी डोळ्यात आलेलं पाणीसुद्धा तिलाच दाखवलंस. इतकी वर्षं मी तिच्या वाटेवर जळले आणि ती वाट माझ्या नावानं दाबलेली होती. हे तिला माहीत, जेसीबीवाल्याला माहीत, मला तेवढं नाही.

तुझे सगळे नियम मला मान्य आहेत आता. आईची जीप सोडली. पेढे सोडले, तसेही ते दाजींनीच खाल्ले होते. माझं प्रकरण दुसऱ्या साहेबाकडं पाठवलंस, तेही बरं केलंस. तू वाट दिली असतीस तर दाजींच्या चुलतभावानं गावभर बोंब मारली असती आणि टेम्पो भरून आलेल्या माणसांनी तुला हात जोडले नसते. भाऊबीजसुद्धा सोडली, चंद्राचं काय, त्याला सगळ्याच बायका ओवाळतात.

पण जे तिला सांगितलंस ते मला एकदा सांगायचंस. फोनवर सांगायचंस, एसटीत चढता चढता सांगायचंस, चपला घालताना सांगायचंस. "आक्का, मी तुला बगितलं हुतं," एवढं म्हणायचंस. तेवढं सांगायला कुठल्या साहेबाची परवानगी लागत होती, बापू?